खिसा, कार्ड आणि तारखेची चिठ्ठी

ग्रंथालयातलं कुठलंही पुस्तक घ्यावं आणि मागचा पुठ्ठा उघडावा. शेवटच्या कोऱ्या पानावर वरच्या कडेला खळ लावून डकवलेली एक चिठ्ठी असते. तिच्यावर ग्रंथालयाचं नाव, पुस्तक मुदतीत परत करण्याची सूचना आणि खाली आखलेल्या तीन-चार रकान्यांत जांभळ्या शाईतले तारखांचे शिक्के. समोर, पुठ्ठ्याच्या आतल्या अंगाला, जाड तपकिरी कागदाचा खिसा. या खिशात एके काळी कार्ड असायचं, आता तो बहुधा रिकामाच असतो. आणि याच दोन पानांवर, उरलेल्या जागेत, बारकोडची पट्टी.

संगणक येऊन वीस-पंचवीस वर्षं झालेल्या ग्रंथालयांतही कालपरवा विकत घेतलेल्या पुस्तकाला हा खिसा आणि ही चिठ्ठी लागते. खरेदीचं बिल आलं, दाखल नोंदवहीत नोंद झाली, शिक्के मारून झाले, की पुस्तकांचे गठ्ठे आणि खळीचं भांडं घेऊन कोणीतरी बसतंच. देवघेवीच्या खिडकीवर बारकोडवरून लाल रेघ फिरते, पडद्यावर नोंद होते, आणि त्यानंतर तोच हात शिक्का उचलून चिठ्ठीवर तारीख उठवतो. कित्येक ठिकाणी याउपर एक वहीही असते आणि तिच्यात सभासदाची सही लागते. म्हणजे एकाच पुस्तकाची एकाच वेळी तीनदा नोंद.

हे का टिकलं, असं विचारलं की ‘सवय’ हे उत्तर तयार असतं. मला ते पुरेसं वाटत नाही. अपुऱ्या माणसांत आणि तुटपुंज्या अनुदानात ग्रंथालय चालवणारी मंडळी वेळेच्या बाबतीत फार काटकसरी असतात. निव्वळ सवयीपोटी ती हजारो पुस्तकांना हजारो कागद चिकटवत बसणार नाहीत. त्या कागदांकडे काय काय कामं होती आणि त्यांतलं नेमकं कोणतं काम संगणकाने उचललं, हे पाहायचं तर थोडं मागे जावं लागतं.

सुरुवात तारणापासून. मध्ययुगीन युरोपातल्या मठांतून किंवा विद्यापीठांतून पुस्तक बाहेर न्यायचं, तर तेवढ्याच मोलाची वस्तू, पुष्कळदा दुसरं पुस्तकच, गहाण ठेवावं लागे. आपल्या वाचनालयांची अनामत रक्कम त्याच वंशातली. छपाईमुळे पुस्तकं स्वस्त झाली, गहाणाची गरज उरली नाही आणि वही पुढे आली. स्कॉटलंडमधल्या इनरपेफ्रे या आडगावच्या ग्रंथालयात १७४७ पासूनची वाचकांची वही जपून ठेवली आहे. शेतकरी, विणकर, शाळामास्तर अशा माणसांनी कोणती पुस्तकं नेली ते तिच्यात सापडतं. न्यूयॉर्क सोसायटी लायब्ररीच्या वहीत ५ ऑक्टोबर १७८९ ची एक नोंद आहे. वाचक जॉर्ज वॉशिंग्टन, पुस्तक व्हाटेलचं ‘द लॉ ऑफ नेशन्स’, आणि परतीचा रकाना कोरा. २०१० साली वॉशिंग्टन यांच्या माउंट व्हर्नन या घराची देखभाल करणाऱ्या संस्थेने त्याच आवृत्तीची दुसरी प्रत मिळवून ग्रंथालयाला दिली. सव्वादोनशे वर्षांनी थकबाकी फिटली ती वहीमुळेच.

वहीची अडचण ज्याने दुकानाचे हिशेब पाहिले आहेत त्याला लगेच कळेल. रोजकीर्द लिहावी, म्हणजे आज कोण काय घेऊन गेलं ते तारखेवार एकाखाली एक उतरावं, तर पुस्तक परत आल्यावर जुनी ओळ शोधण्यात वेळ जातो. खतावणी घालावी, म्हणजे दर सभासदाला एक पान द्यावं, तर त्याच्याकडे काय आहे ते दिसतं. पण अमुक पुस्तक सध्या कोणाकडे आहे, हे सगळी पानं पालथी घातल्याशिवाय कळत नाही. रत्नागिरीचं नगर वाचनालय १८२८ चं, नाशिकचं सार्वजनिक वाचनालय १८४० चं, पुण्याचं नगर वाचन मंदिर १८४८ चं. त्या काळी वर्गणीदार मोजके आणि पुस्तकंही मोजकी, त्यामुळे वही पुरत असे. जिथे ग्रंथालय फुकट आणि सगळ्यांना खुलं झालं, तिथे ती पुरेना. इंग्लंडमध्ये १८५० चा सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा आला, बॉस्टनचं सार्वजनिक ग्रंथालय १८५४ मध्ये उघडलं, आणि खिडकीपुढे रांगा लागायला लागल्या. वही उघडून ओळ शोधेपर्यंत मागचा माणूस खोळंबून राही.

या अडचणीवर कितीतरी उपाय निघाले. त्यांतल्या कॉटग्रीव्ह यांच्या लाकडी फलकाचा तेवढा उल्लेख करतो. पुस्तक आत असलं की एका रंगाचं टोक आणि बाहेर गेलं की दुसऱ्या रंगाचं टोक वाचकाकडे फिरवलेलं, अशी त्याची रचना. हा फलक चाले तो वाचकाला कपाटांपाशी जायची मनाई होती म्हणून. १८९४ साली लंडनच्या क्लर्कनवेलमध्ये जेम्स डफ ब्राऊन यांनी वाचकांना थेट कपाटांपर्यंत सोडलं, आणि हळूहळू फलकांची गरज सरली.

आज आपल्या पुस्तकांच्या मागच्या पानावर जे दिसतं, ते एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दहा वर्षांतलं आहे आणि अमेरिकेतलं आहे. निना ब्राऊन या बॉस्टनच्या ग्रंथपाल बाईंनी १८९५ च्या सुमारास मांडलेली पद्धत आणि न्यू जर्सीतल्या न्यूआर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयात १९०० च्या आसपास घडलेली पद्धत, असे त्याचे दोन झरे. खिसा, खिशातलं कार्ड आणि तारखेची चिठ्ठी दोन्हींत आहेत. फरक वाचकाच्या बाजूला आहे. न्यूआर्कमध्ये पुस्तकाच्या कार्डावर सभासदाचा क्रमांक लिहायचा, त्या कार्डावर, सभासदाच्या कार्डावर आणि चिठ्ठीवर असे तीन शिक्के मारायचे. ब्राऊनबाईंच्या पद्धतीत लिहायचं काहीच नाही. वाचकाकडे नावाची छोटी छोटी तिकिटं, आणि ती तिकिटं म्हणजेच छोटे खिसे. पुस्तक नेताना पुस्तकाचं कार्ड काढून वाचकाच्या तिकिटात सरकवायचं, ती जोडी ट्रेमध्ये ठेवायची, चिठ्ठीवर तारीख मारायची, झालं.

भारतात अमेरिकी ग्रंथालयविद्येचं दार उघडलं ते बडोद्याला. सयाजीराव गायकवाडांनी १९१० मध्ये विल्यम बॉर्डन यांना बोलावून संस्थानभर मोफत ग्रंथालयांचं जाळं विणायला घेतलं आणि पुढच्याच वर्षी ग्रंथपालांच्या प्रशिक्षणाचा वर्ग सुरू झाला. तिकडे मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल रंगनाथन इंग्लंडमध्ये शिकून आले होते. त्यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. त्यांतला चौथा नियम वाचकाचा वेळ वाचवण्याचा आहे, आणि खिडकीवरचा वेळ वाचवायला तिकिटाइतकं दुसरं साधन तेव्हा नव्हतं. पुढे आपल्या कॉलेजांमध्ये आणि विद्यापीठांमध्ये ब्राऊन पद्धत अशी काही रुजली, की दोन-तीन पिढ्यांनी दुसरी पाहिलीच नाही. मुलं त्या तिकिटाला ‘बीटी’ म्हणत.

बीटीची खिडकी ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी ती जरा जवळून दाखवतो. आमच्या कॉलेजात खिडकीच्या आतल्या टेबलावर लांब अरुंद लाकडी ट्रे असत. ट्रेमध्ये उभ्या जोड्या दाटीवाटीने भरलेल्या, आणि मधूनमधून थोडी वर डोकावणारी जाड कार्डं, त्यांवर तारखा. आपण पुस्तक आत सरकवायचं. आतले काका पुस्तकाचा मागचा पुठ्ठा अंगठ्याने उघडत, चिठ्ठीवरचा शेवटचा शिक्का बघत, ट्रेमधल्या त्या तारखेच्या कार्डावर बोट नेत आणि तिथून दाखल क्रमांकाने मागे मागे जात नेमकी जोडी वर काढत. जोडी सुटी व्हायची. कार्ड पुस्तकाच्या खिशात, बीटी आपल्या हातात. तारीख उलटून गेली असेल तर बोटांवर दिवस मोजून दंड. सरावलेल्या हाताला याला पाच-सात सेकंद लागत. पावती नाही, सही नाही. बीटी हातात आली, की आपल्याकडे ग्रंथालयाचं काही देणं नाही याचा पुरावा आपल्याच खिशात. वर्षअखेरीला सगळ्या बीटी जमा केल्या, की ‘नो ड्यूज’वर शिक्का.

यात एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे, आणि या मागोव्यात मला ती सगळ्यांत महत्त्वाची वाटते. चिठ्ठीवरची तारीख वाचकाला आठवण करून देण्यासाठी आहे असं आपण समजतो. मूळ पद्धतीत तिचं पहिलं काम वेगळं होतं. ट्रे तारखेप्रमाणे लावलेला असे आणि कुठल्या तारखेमागे शोधायचं ते पुस्तकाच्या चिठ्ठीवरूनच कळे. ती तारीख म्हणजे ट्रेमधल्या जोडीचा पत्ता. चिठ्ठी फाटली किंवा शिक्का उमटला नाही, की सगळा ट्रे चाळणं आलं. पान उघडून वाचकाला मुदत कळत होती, ते वरकड होतं.

चिठ्ठीकडे तिसरंही एक काम आपोआप आलं. एखादं पुस्तक किती वेळा बाहेर गेलं आणि शेवटचं कधी गेलं, ते कपाटापुढे उभ्या उभ्या दिसायला लागलं. जागा संपली की कुठली पुस्तकं बाद करायची हा ग्रंथपालांचा जुना पेच आहे. अमेरिकेत १९७० च्या दशकात यावर हस्तपुस्तिका निघाल्या. शेवटच्या देवघेवीला किती काळ लोटला, हे त्यांतलं एक मुख्य माप. त्या मापाची पट्टी पुस्तकाच्या पोटातच होती.

आता यंत्रांचा काळ थोडक्यात सांगतो. १९३६ मध्ये टेक्सस विद्यापीठात राल्फ पार्कर यांनी देवघेवीसाठी भोकं पाडलेली कार्डं वापरली. १९४० च्या दशकात कॅमेऱ्याने नोंद करण्याची पद्धत आली. पुस्तकाचं कार्ड, वाचकाचं कार्ड आणि तारखेचं कार्ड शेजारी शेजारी ठेवून एक फोटो काढायचा आणि तारखेचं कार्ड पुस्तकात घालून द्यायचं. १९७० च्या दशकात बारकोड आणि प्रकाशलेखणी आली. यांतल्या जवळजवळ प्रत्येक यंत्राने त्या जुन्या खिशाचा उपयोग करून घेतला. भोकाचं कार्ड खिशात बसलं, कॅमेऱ्याचं तारखेचं कार्ड खिशात बसलं. नव्या पद्धतीला घर शोधावं लागलं नाही, म्हणून जुनं घर कोणी पाडलं नाही.

बारकोडने मात्र चिठ्ठीचं पहिलं काम संपवलं. ट्रेच उरला नाही, मग पत्ता कशाला? तरीही चिठ्ठी राहिली ती दुसऱ्या कामामुळे. संगणकातली नोंद खिडकीच्या आत असते आणि वाचक घरी असतो. पुस्तक उशाशी पडलेलं असताना ते कधी द्यायचं हे त्याला कुठे दिसणार? मोबाइलवर संदेश यायला लागले ते अलीकडे, आणि तेही सगळीकडे नाहीत. संगणकाने ग्रंथालयाची बाजू सांभाळली, वाचकाच्या बाजूला कागद होता तो तसाच राहिला. सिंगापूरमध्ये १९९८ मध्ये बुकित बातोकच्या ग्रंथालयात पुस्तकांना रेडिओ-चकत्या लावून वाचकांना स्वतःच पुस्तक नोंदवता येईल अशी सोय झाली. तेव्हापासून जगभर अशी यंत्रं बसली. त्यांतली पुष्कळशी यंत्रं शेवटी काय करतात? तारीख छापलेला कागदाचा एक तुकडा बाहेर टाकतात. वाचक तो पुस्तकात खूण म्हणून ठेवतो. चिठ्ठी फक्त पानावरून सुटी झाली, आणि तिच्यावरची उष्णतेने उठलेली अक्षरं काही महिन्यांत पुसट होतात. शिक्क्याची शाई पन्नास वर्षं टिकते. हा बदल सुधारणा म्हणून गणला जातो, याचं मला वाईट वाटतं.

आपल्याकडे कागद टिकायला आणखी काही कारणं होती, आणि ती सगळी रास्त होती. एक म्हणजे संगणक इथे चुकीच्या दारातून आला. युनेस्कोचा सीडीएस-आयसिस हा संच १९८५ मध्ये छोट्या संगणकांवर चालू लागला आणि भारतातल्या ग्रंथालयांनी तो आनंदाने घेतला, पण तो सूची करण्यासाठी होता. देवघेवीची सोय त्याच्यात मुळात नव्हती. त्यामुळे सूची संगणकावर आणि देवघेव बीटीवर असा संसार वर्षानुवर्षं चालला. इन्फ्लिबनेटचा ‘सोल’, राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राचं ‘ई-ग्रंथालय’, न्यूझीलंडमधल्या एका छोट्या ग्रंथालयासाठी तयार झालेलं आणि जानेवारी २००० पासून चालू असलेलं फुकट मिळणारं ‘कोहा’, हे सगळं नंतरचं.

दुसरं कारण देवनागरीचं. मराठी पुस्तकांची नावं सुरुवातीला ज्या त्या कंपनीच्या फाँटमध्ये टाइप झाली. संगणक बदलला, फाँट मिळेना, आणि पडद्यावर शीर्षकाच्या जागी रोमन अक्षरांचा गिचमिड काला दिसायला लागला. खिडकीवरच्या माणसाला समोरचं पुस्तक आणि पडद्यावरचं पुस्तक एकच आहे याची खात्री पटेना. हजारो नोंदी युनिकोडमध्ये पुन्हा करायला ना माणसं होती ना पैसा. अशा वेळी वहीत शाईने लिहिलेलं शीर्षक हाच आधार होता. भारनियमनाची वर्षंही आठवावीत. दिवसाचे सहा-आठ तास वीज नसलेल्या तालुक्याच्या गावी वाचनालय संध्याकाळी उघडायचं, ते वहीवरच चालायचं.

तिसरं कारण तपासणीचं. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम १९६७ चा. त्याखाली मान्यता मिळालेली दहा हजारांहून अधिक ग्रंथालयं आज राज्यात आहेत. अ, ब, क, ड असे त्यांचे वर्ग आणि वर्गाप्रमाणे अनुदान. तपासणीला येणारा माणूस पुस्तकं बघतो, सभासद बघतो आणि देवघेव खरोखर होते का ते बघतो. २०१२ मध्ये महसूल यंत्रणेकडून राज्यभर पडताळणी झाली आणि कागदावरच चालणारी पुष्कळ ग्रंथालयं उघडी पडली. प्रामाणिकपणे वाचनालय चालवणाऱ्या गावातल्या ग्रंथपालाने अशा वेळी पुढे काय करावं? सह्यांनी भरलेली वही टेबलावर ठेवावी, हेच त्याला सुचणार. संगणकातून काढलेला तक्ता कोणीही बनवू शकतं, शंभर वेगवेगळ्या माणसांच्या शंभर वेगवेगळ्या सह्या बनवणं कठीण. ही दुहेरी नोंद फुकटची मेहनत आहे हे खरं, पण ती मेहनत करणाऱ्याला दोष देणं मला जमत नाही.

ज्यांना दोष द्यावा असे अवशेष वेगळेच आहेत. ते कागदाचे नाहीत, नियमांचे आहेत, आणि म्हणून डोळ्यांना दिसत नाहीत.

‘एका वेळी दोनच पुस्तकं’ हा नियम घ्या. बीटीच्या काळात त्याला अर्थ होता. प्रत्येक पुस्तकामागे एक तिकीट अडकून पडायचं, सभासदागणिक तिकिटं छापायची, तर संख्या मोजकीच ठेवणं भाग होतं. बीटी गेल्या तरी दोनाचा आकडा तसाच उभा आहे. कपाटं भरून वाहताहेत, शेकडो पुस्तकांच्या चिठ्ठ्यांवर दहा-दहा वर्षांत शिक्का नाही, आणि वाचकाने तिसरं पुस्तक मागितलं तर ‘नियमात बसत नाही’. चार न्या, सहा न्या, असं सांगायला संगणकात एक आकडा बदलावा लागतो.

‘मुदत वाढवून घ्यायची तर पुस्तक घेऊन या’ हाही तसलाच नियम. जुन्या पद्धतीत पुस्तक आणल्याशिवाय चिठ्ठीवर नवी तारीख पडणार कशी आणि जोडी ट्रेमध्ये नव्या जागी जाणार कशी? आज सभासद क्रमांक पुरतो, फोनवर काम होतं. तरी म्हाताऱ्या माणसांना तीन पुस्तकांचं ओझं घेऊन दोन बस बदलून यावं लागतं, शिक्का मारून तेच ओझं परत न्यायचं असतं. ‘आज जमा केलेलं पुस्तक आज दुसऱ्याला मिळणार नाही’ हा तिसरा. पूर्वी दिवसाची कार्डं रात्री लावून होईपर्यंत हिशेब जुळत नसे, म्हणून काही ठिकाणी तसं चाले. आता पुस्तक जमा होताच नोंद पुरी होते. तरी ते पुस्तक आत एका टेबलावर उद्याची वाट पाहत पडून राहतं आणि ज्याला ते हवं आहे तो खिडकीबाहेर उभा असतो. रंगनाथन यांचा चौथा नियम पाठ केलेली माणसं हे करतात, तेव्हा मला खरोखर त्रास होतो.

हे नियम बदलावेत आणि चिठ्ठी ठेवावी, असं माझं म्हणणं आहे. होतं बरोबर उलटं. ग्रंथालय आधुनिक दिसावं म्हणून पहिला घाव चिठ्ठीवर पडतो. पुस्तकाचं आधीचं सगळं आयुष्य तिच्यावर असतं आणि संगणकात ते नसतं, कारण संगणकातला हिशेब तो बसवल्या दिवसापासून सुरू झाला. १९६२ ते १९७५ दर पंधरवड्याला बाहेर जाणारी आणि मग एकदम थांबलेली कादंबरी संगणकाच्या तक्त्यात ‘कधीच न वाचलेली’ म्हणून दिसते आणि बाद यादीत जाते. पुनर्बांधणीला गेलेल्या पुस्तकांचं तर याहून वाईट होतं. बाइंडर मागची कोरी पानं फाडून नवी लावतो, जुनी चिठ्ठी रद्दीत जाते. बांधणीला पाठवण्याआधी ती चिठ्ठी सोडवून ठेवावी, निदान तिचा मोबाइलवर फोटो काढावा, एवढं एक काम ग्रंथपालांनी स्वतःवर घ्यावं. अमेरिकेतल्या मुन्सी गावच्या ग्रंथालयात २००३ साली १८९१ ते १९०२ या काळातल्या देवघेवीच्या वह्या सापडल्या. त्यांवरून एका अख्ख्या गावाने काय वाचलं याचा माहितीकोश तयार झाला. मराठी वाचकाने नेमकं काय वाचलं याबद्दल आपण फार बोलतो, आणि त्याचा पुरावा बाइंडरकडे रद्दीत घालतो.

उरलं कार्ड. न्यूआर्कच्या वळणाने चालणाऱ्या ग्रंथालयांत, विशेषतः शाळांत, पुस्तकाच्या कार्डावर नेणाऱ्याचं नाव किंवा क्रमांक लिहिला जाई. आधी हे पुस्तक कोणी वाचलं ते पुढच्याला दिसे. १९९५ साली जपानमध्ये दोन चित्रपट आले आणि दोन्हींचा जीव या कार्डात आहे. शुंजी इवाई यांच्या ‘लव्ह लेटर’मध्ये एक मुलगा कोणीच न नेलेली पुस्तकं नेऊन कार्डांवर नाव लिहून ठेवतो. घिबली स्टुडिओच्या ‘व्हिस्पर ऑफ द हार्ट’मध्ये एका मुलीला आपण नेलेल्या प्रत्येक पुस्तकाच्या कार्डावर एकच नाव आधी लिहिलेलं सापडत जातं. तिचे वडील ग्रंथालयात काम करतात, आणि आता बारकोड येणार हे तेच सांगतात. दोन्ही चित्रपट फार सुंदर आहेत. पण कोण काय वाचतं ते सगळ्यांना दिसू नये, हेही खरंच आहे. जपानच्या ग्रंथालय संघाने १९७९ मध्ये आपल्या जाहीरनाम्यात वाचकांची गुपितं राखण्याचं कलम घातलं. अमेरिकेत १९७० मध्ये करखात्याचे अधिकारी मिलवॉकीच्या ग्रंथालयात जाऊन स्फोटकांवरची पुस्तकं कोणी नेली त्यांची नावं मागू लागले, आणि त्यानंतर तिथल्या ग्रंथालय संघाने अशा नोंदी गोपनीय ठेवण्याचं धोरण केलं. नावांचं कार्ड गेलं ते बरं झालं.

मात्र कार्ड गेल्याने नाव गेलं, असा जो समज आहे तो खोटा आहे. ब्राऊन पद्धतीत पुस्तक परत आलं की जोडी सुटत असे. कार्ड पुस्तकात, बीटी वाचकाकडे, आणि त्या दोघांचा संबंध होता याची खूण ग्रंथालयात कुठेही उरत नसे. चिठ्ठीवर तारीख राहायची, नाव नाही. किती पुस्तकं गेली याचा दिवसाचा आकडा राहायचा, कोणाकडे गेली ते नाही. संगणकात हे आपोआप होत नाही. पुस्तक जमा झाल्यावर नोंद ‘चालू’मधून ‘जुन्या’मध्ये जाते आणि कोणी मुद्दाम पुसली नाही तर तिथेच राहते. कोणत्या सभासदाने कोणत्या आजारावरचं, कोणत्या धर्मावरचं, कोणत्या चळवळीवरचं पुस्तक कोणत्या तारखेला नेलं, हे पंधरा वर्षांनीही एका क्षणात काढता येतं. वाचनालयांच्या सभांत खिसा ठेवायचा की काढायचा यावर बोलणं होतं, या नोंदींवर होत नाही. ब्राऊनबाईंच्या ट्रेमधलं हे एक वैशिष्ट्य संगणकाबरोबर पुढे यायला हवं होतं. कोहामध्ये तशी सोय केलेली आहे. ठरावीक दिवसांनंतर जुन्या देवघेवीतून सभासदाचं नाव काढून टाकायचं आणि आकडे तेवढे ठेवायचे, असं तिथे लावून देता येतं, त्याला वेगळा खर्च नाही. इतर संच वापरणाऱ्या ग्रंथालयांनी ही सोय विक्रेत्याकडे मागावी, आणि पुढच्या वार्षिक करारात ती अट म्हणून घालावी.